बाकावर ठरलेलं

रेइयो माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्याला बरंच बोलणार आहे. आमच्या प्लायवूडच्या कारखान्यातली दुरुस्ती तो बघतो. मी कारखान्याची प्रमुख झाले तेव्हा फुलं घेऊन आलेला तो एकटाच.

पण गुरुवार आला की माझं डोकं फिरायचं. गुरुवारी सगळ्या सुपरवायझरांची बैठक आणि ती संपली की तळ्याकाठच्या सौनात, म्हणजे लाकडी वाफघरात, घाम काढायचा. आधी बायकांची पाळी, मग पुरुषांची. बायका म्हणजे मी. एकटीनेच बाकावर बसायचं, तापल्या दगडांवर पाणी टाकायचं आणि घरी जायचं. शुक्रवारी सकाळी रेइयो माझ्या ऑफिसच्या दारात हजर.

"मार्युत, काल बाकावर जरा विचार केला आम्ही."

म्हणजे बैठकीत ठरलेलं मोडलं.

लाकडाचे पातळ थर सुकवणाऱ्या ड्रायर विभागाच्या सुपरवायझरची जागा रिकामी झाली तेव्हा मी होदानचं नाव मांडलं. होदान वार्सामे लहानपणी सोमालियातून इथे आली, उमेदीची सगळी वर्षं तिने त्याच ड्रायरवर काढली. दोनदा तिला डावललं होतं. "या खेपेलाही नाही म्हणालात तर मी दुसरं काम बघते," असं तिने मला सरळ सांगितलं होतं. बैठकीत कोणी चकार शब्द काढला नाही. आमच्याकडे गप्प राहणं म्हणजे होकार, असं मी धरून चालले. तिथेच फसले.

शुक्रवारी रेइयो दारात.

"बाई कामाची आहे, प्रश्नच नाही. पण आम्ही तिला ओळखतो कुठे? सौनात कधी दिसली नाही."

"बोलावलं कोणी तिला? सुपरवायझर नसलेल्याला तिथे उभं तरी करता का?"

तो दाराची बिजागरी बघायला लागला.

"आणि मी कधी बसले तुमच्याबरोबर? मग मलाही ओळखत नाहीस म्हण की."

"तुझं वेगळं आहे. तू इथली."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. होदानची मुलं आमच्याच शाळेत, तिचं घर माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर. आणखी किती इथलं व्हायचं एखादीने? पण भांडून उपयोग नव्हता. भांडण जिंकलं असतं तरी पुढच्या गुरुवारी बाक तिथेच होता.

म्हणून मी क्रम उलटा केला. आधी सौना, मग बैठक. पुरुष ओल्या केसांनी, लालबुंद तोंडांनी येऊन बसले. माझ्या शेजारच्या खुर्चीवर होदान होती.

"आत जे बोललात ते आता हिच्यासमोर बोला," मी म्हणाले. "गप्प बसलेलं चालणार नाही. पेन्टी, तुझी हरकत?"

"माझी नाही," पेन्टी म्हणाला. "रेइयोची आहे."

पुढच्याचंही तेच. त्याच्या पुढच्याचंही तेच. शेवटी सगळे रेइयोकडे बघायला लागले. तो होदानकडे वळला.

"ड्रायरवरची पोरं तुझं ऐकणार नाहीत, होदान."

"तुझं तरी कुठे ऐकतात?"

सगळे हसले. ती हसली नाही.

"इतकी वर्षं माझ्याबद्दल बोलताय, रेइयो. माझ्याशी आज बोललास. नाही म्हणायचं तर म्हण, पण तोंडावर म्हण."

"नाही म्हणतो," रेइयो म्हणाला. त्याचे कान आणखी लाल झाले.

"ऐकलं."

"एक नाही, बाकीचे हो," मी म्हणाले. "आणि माझाही हो. सोमवारपासून ड्रायर होदानकडे. हे आता बाकावर बदलणार नाही."

मला वाटलं, रेइयो उठून जाईल. तो बसून राहिला. मग घसा खाकरून तिला म्हणाला, "मोठा ड्रायर दुरुस्तीला बंद ठेवावा लागेल. तुला कधी चालेल?"

"बुधवारी."

"बुधवारी," तो म्हणाला.

पुढच्या गुरुवारी बायकांच्या पाळीला आम्ही दोघी होतो. होदान वरच्या बाकावर बसली, पाण्याचा डबा तिने आपल्याकडे घेतला. तिच्या धाकट्याचे दात पडतायत, माझे गुडघे दुखतायत, असल्याच गप्पा. इतकी वर्षं मी तिथे घाईघाईने घाम काढून निघत होते, हे मला तेव्हा कळलं.

दार वाजलं.

"अजून किती वेळ?" बाहेरून रेइयो.

होदानने दगडांवर डबाभर पाणी ओतलं.

"थांब जरा," ती ओरडली. "ठरवतोय."