राहून गेलेली आंघोळ

मी एक जुना टब आहे, जस्ताच्या पत्र्याचा. कल्याणच्या बाजारातून चित्राताईंनी मला डोंबिवलीला, कोपरच्या घरी आणलं, तेव्हा त्यांचा शौनक तीन महिन्यांचा होता. त्यांचे यजमान सुधीरराव मला कौतुकाने ‘बाथ’ म्हणत. इंग्रजीत आंघोळही बाथ आणि जिच्यात बसून ती करायची ती वस्तूही बाथच, असं ते बायकोला समजावत. मित्रांनो, मी तर फुशारून जाई.

शौनक माझ्यात यथेच्छ डुंबला. पुढे घरात शॉवर आला आणि माझी रवानगी बाल्कनीत झाली. उन्हाळ्यात चिमण्या माझ्यात पंख भिजवत. शौनक त्याला ‘बर्ड बाथ’ म्हणे आणि फोटो काढून मित्रांना पाठवी. चिमण्यांचं त्याला भारी कौतुक!

मग चित्राताई गेल्या. त्यानंतर वर्षभरात सुधीररावांचं खुब्याचं हाड मोडलं. ते अंथरुणाला खिळले आणि मी पाणीकपातीसाठी भरून ठेवायचं पिंप झालो.

"शौनक, मला एकदा त्या टबात बसव रे. गरम पाण्याने अंग शेकू दे."

"बाबा, शुक्रवारी पाणी नसतं, माहितीये ना? ते पाणी संपवून कसं चालेल? आणि वाइप्सने पुसतो ना मी रोज. त्यालाच स्पंज बाथ म्हणतात."

"अरे, ओट्यासारखं पुसतोस मला. घरातली भांडीसुद्धा पाण्याने विसळतात."

"बरं, रविवारी नक्की."

असे पाच रविवार गेले. कधी पाहुणे, कधी मॅच, कधी नुसताच कंटाळा. मी काठोकाठ भरलेला, आणि म्हातारा चार हातांवर कोरडा. मला माझीच लाज वाटायची.

सहाव्या आठवड्यात, गुरुवारी सकाळी सुधीरराव गेले. शेजारच्या हेमाताई म्हणाल्या, "आंघोळ घालायला हवी हो त्यांना."

शौनकने माझ्यातलं सगळं पाणी तापवलं. दुसऱ्या दिवशीच्या कपातीची कोणाला आठवण झाली नाही. चंदनाचा नवा साबण फोडला. पाणी फार कढत तर नाही ना, म्हणून त्याने बोटं बुडवून पाहिली आणि मग बापाच्या अंगावर तांब्या ओतला.

मित्रांनो, माझी काळजी घेऊ नका, मला खुशाल भंगारात द्या. पण ज्याला पाणी कढत लागलं तर "हाय" म्हणता येतं, त्याला आजच न्हाऊ घाला.