पाटाच्या दोन फळ्या

नात अर्पिता दहावीत होती ते साल. त्या साली दिवाळीच्या तोंडावर आबासाहेबांचं उजवं अंग गेलं. परभणीच्या दवाखान्यातून पेडगावला घरी आणलं तेव्हा हात लुळा होता, पाय ओढत टाकता येत होता, बोलणं मात्र शाबूत होतं. बोलणं शाबूत राहिलं याचं गावात कुणालाच नवल वाटलं नाही.

मुलगा योगीराज पुण्याहून आला, चार दिवस राहिला. जाताना संडासात कमोड बसवून गेला आणि डाव्या हाताच्या भिंतीला एक चकचकीत स्टीलची दांडी लावून गेला.

"दादा, हिला धरायचं अन् उठायचं. मायला वडायचं न्हाई," बापाला म्हणाला. पोरीची परीक्षा होईपर्यंत आपल्याला पुन्हा येणं जमणार नाही, हेही त्यानं दारात चप्पल घालताना सांगून टाकलं. आबासाहेबांच्या बायकोनं, बायनाबाईनं मान हलवली. पोराची नोकरी, पोरीचा अभ्यास. त्यात बोलण्यासारखं काही नव्हतं.

दांडीनं थोडे दिवस साथ दिली. मग ती हलायला लागली.

आधी नुसती कुरकुरायची. भांडी घासून झाली की बायनाबाई उलथन्याचं टोक स्क्रूच्या खाचेत घालून पिळायची. दोन दिवस बरं राहायचं, पुन्हा तेच. पुढं स्क्रू नुसतेच फिरायला लागले, भोकं मोठी झाली. तिनं वावरातून कापसाच्या पऱ्हाटीच्या काड्या आणल्या, त्यांचे तुकडे भोकांत ठोकले आणि वरून स्क्रू पिळले. घट्ट बसले. पण काड्या ओल्या होत्या. वाळल्या तशा आकसल्या. एका सकाळी आबासाहेब दांडीला धरून अर्धे उठले आणि दांडी भिंतीतून सुटून त्यांच्या हातात आली.

बायनाबाई दारातच उभी होती. तिनं त्यांना काखेत धरलं, पण गेलेला तोल काही सावरला नाही. दोघंही फरशीवर बसली. भिंतीची वाळू त्यांच्या डोक्यावर पडली. तिच्यानं त्यांना उठवेना, आणि ते अंगावर रेललेले, म्हणून तिलाही उठता येईना. हाका ऐकून शेजारचा सूर्यभान मिस्त्री धावत आला.

"काय न्हाई रे, सूर्यभान," आबासाहेब दांडी हातात धरून म्हणाले. "आमी जरा गप्पा मारायला बसलो व्हतो."

सूर्यभान हसला. बायनाबाईला हसता आलं नाही. तिला श्वासच मिळत नव्हता.

श्वासाचं हे दुखणं मागल्या उन्हाळ्यापासूनचं. पाण्याची घागर उचलली की छातीत आवळून यायचं, डाव्या हाताला मुंग्या यायच्या. मग ती भिंतीला टेकून उभी राहायची आणि कुणी पाहिलंच तर पदरानं तोंड पुसायची, घाम आल्यासारखं. सांगितलं कुणालाच नव्हतं. सांगितलं तर दवाखान्यात ठेवून घेतील. मग यांना उठवणार कोण? आणि आपण एखाद्या सकाळी उठलोच नाही तर? तिच्या मनात हा एकच घोर होता. मरणाचं तिला फारसं भय नव्हतं, थकली होती. पण आपल्यामागं हा माणूस त्या कमोडावर बसून हाका मारत राहील आणि कुणी येणार नाही, हे तिच्या डोळ्यापुढून जात नव्हतं.

सूर्यभाननं भिंत बोटानं खरडून पाहिली. बोटाबरोबर गिलावा खाली आला.

"काकू, ही भिंतच भुसभुशीत हाय. चारच इंची, येकाच विटेची. ह्याच्यात पलास्टिकच्या गिट्ट्या ठोकून काय व्हतंय? किती बी ठोका, धरायची न्हाई. सगळी पाडून नवी बांधावी लागंल."

"मग बांध की बाबा."

"मानवतला काम धरलंय. ते सरलं की बगू."

ते काम कधी सरणार, हे तिनं विचारलं नाही. मिस्त्री लोकांची कामं कशी सरतात ते तिला ठाऊक होतं.

त्या दिवसापासून ती त्यांना स्वतः उठवू लागली. त्यांचा डावा हात आपल्या मानेभोवती घ्यायचा, कंबर धरायची आणि ओढायचं. उठवून झालं की तिला न्हाणीच्या कट्ट्यावर बसावं लागायचं. आणि मग तिच्या लक्षात आलं की आबासाहेबांच्या ताटात अर्धी भाकर उरायला लागली आहे. मग पाऊण उरू लागली. पाण्याचा तांब्या भरलेला तसाच.

"भाकर टाकली कामून?"

"भूक न्हाई."

"वरनात चुरून देऊ का?"

"न्हाई म्हनलं ना एकदा."

"सकाळपसून घोटभर पाणी न्हाई पोटात. आमुशा धरलीव का काय?"

आबासाहेबांनी डाव्या हातानं ताट पुढं सरकवलं. मग म्हणाले, "खाल्लं न्हाई म्हंजे संडासला जायाचं काम न्हाई. मला उठवताना तुजे हात कापायलेत. मी लुळा झालोय, आंधळा न्हाई झालो."

तिनं ताट उचललं. चुलीपाशी जाऊन उरलेली भाकर दुरडीत टाकली आणि तिथंच बसून राहिली.

संध्याकाळी योगीराजचा फोन आला. तिनं दांडीचं सांगितलं. श्वासाचं नाही. तो म्हणाला, माय, मोठ्या माणसांच्या चड्ड्या मिळतात, मी पाठवून देतो, उठायचंच काम नाही. फोनचा आवाज मोठा होता. बाजेवरून आबासाहेब ओरडले, "त्याला म्हनावं, तूच घाल!"

"काय म्हनायलेत दादा?"

"काय न्हाई. अभ्यास कर म्हनायलेत पोरीला," बायनाबाई म्हणाली आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती ओसरीवर जुनी गोधडी घेऊन बसली. मधलं लुगडं पार विरलं होतं. वरून ठिगळ लावलं तर टाका विरलेल्या कापडासकट निघून यायचा. अशा वेळी ती जे नेहमी करायची तेच तिनं केलं. वरून एक धडका तुकडा लावला, खालून दुसरा, आणि दोन्हींतून टाका घेतला. कुजकं कापड मध्ये दाबलं गेलं. ओढून पाहिलं. धरलं.

सुई तशीच टोचून ती उठली आणि संडासामागं परसात गेली. भिंतीच्या त्या अंगाला हात लावला. या अंगालाही ती तशीच भुसभुशीत होती. परत येऊन बाजेशी उभी राहिली.

"अवं, भित्तीला दोन्ही अंगानं फळी लावली तर?"

"कसली फळी?"

"येक आतून, येक परसातून. मधी भित्त. आरपार दाबून घ्यायची. गोधडीवानी."

"भित्त हाय का गोधडी हाय?"

"कुजकं ते कुजकंच. एका अंगानं टाका धरत न्हाई."

आबासाहेबांनी डोळे मिटले. तिला वाटलं, झोपले. ती वळली तेव्हा मागून आवाज आला, "लांब बोल्ट लागतील. जुन्या बैलगाडीचे हायत की कोठ्यात. वीतभर असतील. गाडी मोडली तवा मीच काढून ठेवलेत."

बोल्ट सापडले, पण नट गंजून बसलेले. घरात करडीचं तेल होतं. तिनं वाटीत तेल घेऊन बोल्ट त्यात बुडवून ठेवले.

"फोडणी घालायलीस का?" आबासाहेबांनी विचारलं.

"तुमीच म्हनाले, तेलात टाक."

"थेंबभर म्हनलं व्हतं. बुडवून लोनचं घाल म्हनलं न्हाई."

कितीतरी दिवसांनी त्यांनी तिला चिडवलं होतं. नट सकाळी पान्यानं सुटले.

फळीसाठी तिनं माळ्यावरचा पाट काढला. तिच्या लग्नात माहेरून आलेला सागवानी पाट, लांबीतून मधोमध चिरलेला. टाकवत नाही म्हणून ठेवलेला. तिनं त्याचे दोन तुकडे हातानंच वेगळे केले. त्यासाठी जोरही लावावा लागला नाही. चुलीत सळई लाल केली आणि तुकडे एकावर एक ठेवून दोन्ही टोकांना भोकं जाळली. सागाचा धूर घरभर झाला. आबासाहेब खोकत होते आणि खोकता खोकता सांगत होते, "सरळ धर. वाकडी जायली. सळई पुन्यांदा तापव."

भिंतीला भोकं पाडणं सगळ्यात जड गेलं. आबासाहेब काठी टेकत, पाय ओढत परसातल्या दारापर्यंत आले आणि खुर्चीत बसले. ती सळईवर हातोडा मारायची. चार-पाच घाव घातले की थांबायची.

"विटेवर नगं मारू. सांध्यात मार. तिथं नुसती वाळू हाय."

"तुमी गप बसा. हातोडा मपल्या हातात हाय."

"हातोडा तुज्या हातात, पर नदर मपली."

पुन्हा चार घाव. पुन्हा थांबणं. एकदा ती खालीच बसली आणि बराच वेळ उठली नाही. आबासाहेबांनी विचारलं, "काय झालं?" ती म्हणाली, "ऊन लागलं." ते "उद्याला कर," म्हणाले. तिनं उद्यावर टाकलं. उद्याचंही परवावर गेलं. पण भोकं आरपार झाली.

मग फळ्या लागल्या. आतल्या फळीवर तिनं आधीच दांडी स्क्रूनं पक्की केली होती. सागात स्क्रू कुरकुरत गेले आणि शेवटी हलेनासे झाले. बोल्ट आतून घातले, परसातल्या फळीतून बाहेर काढले, नट चढवले. पान्यानं आवळताना दोन्ही फळ्या भिंतीला चिकटत गेल्या. थोडा गिलावा पडला, मग पडायचा थांबला.

ती आत गेली, दांडीला दोन्ही हातांनी धरून सगळा भार टाकला, पाय उचलले.

दारातून आबासाहेब म्हणाले, "आंबे पाडायलीस का?"

"तुमच्या आधी मी पडून बगायली."

दांडी हलली नाही.

त्यांनी काठी भिंतीला टेकवली, कमोडावर बसले, डाव्या हातानं दांडी धरली. बायनाबाईचे हात आपोआप पुढं झाले. "सर मागं," ते म्हणाले. ती सरली. ते उठले. वेळ लागला, पाय थरथरला, पण उठले. उभं राहून त्यांनी फळीवर हात फिरवला. जळक्या भोकाच्या कडेला बोट लावलं.

त्या रात्री त्यांनी भाकर संपवली आणि विचारलं, "अजून येक हाय का?"

तिनं दिली. पाण्याचा तांब्या रिकामा झाला, तो पुन्हा भरून ठेवला. आणि पडल्या पडल्या तिला फार दिवसांनी झोप लागली.

पुढं दर पंधरा दिवसांनी ती परसात जाऊन नट आवळायची. लाकूड आटतं, हे पऱ्हाटीनं तिला शिकवलं होतं. नंतर तिचाच हात उचलेना तेव्हा ती आबासाहेबांना तिथं नेऊन खुर्चीत बसवू लागली आणि पाना त्यांच्या डाव्या हातात देऊ लागली.

"मला कामून लावायलीस कामाला?"

"शिकून ठिवा. मला का तेवढंच काम हाय?"

अर्पिता पास झाली. सुट्टीत सगळे गावाकडं येणार असा फोन आला. बायनाबाईनं शेवया काढून ठेवल्या.

त्यानंतरच्या एका सकाळी आबासाहेब जागे झाले तेव्हा ती झोपलेलीच होती. कधी नाही ते झोपली आहे, झोपू द्यावं, असं त्यांना वाटलं. हाक न मारता त्यांनी काठी घेतली, संडासात गेले, दांडी धरून उठले, हात धुतला आणि परत येऊन बाजेवर बसले. चहाची वेळ टळून गेली, ऊन ओसरीवर आलं, तेव्हा त्यांनी हाक मारली.

बायनाबाई वारली ती मे महिन्यात, अर्पिताचा निकाल लागला त्याच्या पुढच्या सोमवारी, पहाटे झोपेत.