घंटेतलं गवत

आमच्या पुतणीचं विद्यापीठ उकिरड्यावर भरायचं. हसायचं असेल तर हसून घ्या, सगळं गाव हसलं होतं. साथ आली, वसतिगृह रिकामं झालं, पोरगी बोचकं घेऊन घरी आली, आणि मोबाइलला रेंज सापडली ती नेमकी गोठ्यामागं, उकिरड्याच्या कडेला. उलट्या घमेल्यावर बसून, माश्या हाकत तिनं वर्ष काढलं. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात म्हणतात, आमच्याचे लवकर फिटले.

शेवटच्या पेपरच्या चार दिवस आधी थोरल्याला ताप भरला. थोरला म्हणजे माझा भाऊ, तिचा बाप. गुरं माझ्याकडं बांधून त्यानं गोठ्यात खाट टाकली आणि कुणी उंबरा ओलांडायचा नाही म्हणून दम भरला. म्हाताऱ्या बैलाची घंटा बाहेर वळचणीला टांगली, तिची दोरी खिडकीतून खाटेपर्यंत नेली. थोड्या थोड्या वेळानं एक टोला, म्हणजे मी बरा आहे. लागोपाठ टोले, म्हणजे धावा. टोल्याला जरा उशीर झाला की आमचे कान तिकडंच लागायचे. गावातली दोन माणसं त्याच आठवड्यात गेली होती, भीती काय सांगू तुम्हाला.

पेपरचा नियम मोठा खाष्ट. मोबाइलसमोरून हलायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही. बाहेरचा आवाज आला की पडद्यावर तांबडी पाटी यायची. तिसऱ्या पाटीला पेपर बंद, म्हणजे वर्ष गेलं. मी म्हटलं, दोन तास घंटा बंद राहू दे. पोरगी ऐकेना. म्हणाली, एवढासा आवाज मोबाइल धरायचा नाही.

"बाबांची घंटा बंद करायची नाही, काका. ती ऐकू आली नाही तर माझ्या हातून अक्षर उमटणार नाही."

वहिनी रानात पाणी द्यायला गेलेली. कोंबड्या-कुत्री हाकायचं काम माझ्याकडं. पोरगी लिहायला लागली. एक टोला पडला, पहिली पाटी आली. पुढचा पडला, दुसरी आली. तिच्या कपाळावर घाम फुटला, पण मान खालीच. आता तिसरा टोला पडला की झालं वाटोळं. मग मला अक्कल सुचली. हळूच वळचणीला गेलो आणि मूठभर गवत घंटेत गच्च कोंबलं. स्वतःवरच खूश होऊन परत कोंबड्यांमागं लागलो.

थोड्या वेळानं पोरीचं पेन थांबलं. ती कान देऊन बसली. मी खूण केली, लिही की गं, सगळं ठीक आहे. ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. विचारायची सोय नव्हती. तिचे ओठ पांढरे पडले. आणि ती उठली. अर्धा पेपर तसाच टाकून, तोंडाला ओढणी गुंडाळत गोठ्यात शिरली.

मी ओरडत मागं वळलो, तेव्हा दिसलं. घंटा हलत होती. दोरी हिसक्यावर हिसके खात होती, कधीची कोण जाणे, आणि आवाज म्हणून नव्हता.

आत थोरला खाटेखाली पडलेला, ओठ निळे, दोरी मनगटाला गुंडाळलेली. शेजारच्या ट्रॅक्टरवाल्याची जीप आणली, दवाखाना गाठला. अजून थोडा उशीर झाला असता तर हाती काही लागलं नसतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. बाराव्या दिवशी तो आपल्या पायांनी घरी आला.

पेपरच्या दिवशी जीप निघताना मी पोरीपुढं उभा राहिलो. वाटलं, दोन शिव्या देईल तर बरं. तिनं नाक पुसलं आणि एवढंच म्हणाली, "काका, ते गवत काढून टाका. आईला कळायला नको."

वहिनीला अजून माहीत नाही. पोरीनं पुढच्या वर्षी पेपर दिला, पास झाली. घंटा परत बैलाच्या गळ्यात गेली. पण चरता चरता बैल उभा राहतो, घंटा थांबते. हातातलं टाकून मी धावतो. जवळ जाऊन घंटेत बोट घालून बघतो, आणि बैल रवंथ करत माझ्याकडं बघत असतो.