जिनिव्हाची पाहुणी
"पावणीनं इचारलं तर सांगायचं, समदी एकाच फिल्टरचं पानी पेतो," दादाभाऊंनी पुन्हा बजावलं आणि डोंगरातल्या बायकांचा पाण्याचा कॅन रिकाम्या क्रेटच्या मागे सरकवला.

साधना त्या बायकांतलीच; ती कात्रीनं घडातले खराब मणी काढत होती. दादाभाऊंच्या या पॅकहाऊसमधली द्राक्षं युरोपला जात. डोंगरातल्या बायकांच्या हातचे घड तिकडच्या लोकांना चालत, इथल्या फिल्टरची तोटी मात्र त्यांच्या हातानं बाटत होती. गेल्या हंगामात तिची जाऊ इंद्रायणी भोवळ आल्यावर त्या फिल्टरचं पाणी प्याली, आणि दुसऱ्या दिवशी तिला कामाच्या गाडीत घेतलंच नाही. तेव्हापासून साधनाला एकच वाटे, हे कुणीतरी मोठ्या माणसानं ऐकावं.

आज ऐकायला थेट जिनिव्हाहून बाई आली होती. वंशभेदाविरुद्ध काम करणाऱ्या कुठल्याशा जागतिक संस्थेची. मूळची आफ्रिकेतली, उंच, काळीभोर, हसरी. दुभाषी म्हणून ऑफिसातली सिद्धी होती, ओतूरच्या पोपटलाल शेठजींची नात. पोरगी गुणी, पण पगार दादाभाऊंचा खात होती.

"बाई विचारतात, इथं कुणाला वेगळं वागवतात का?" सिद्धी म्हणाली.

साधनानं कात्री खाली ठेवली. "वागिवत्यात. आमचं पानी येगळं. फिल्टरला हात लावला म्हून माझ्या जावंचं काम ग्येलं. आमी मानसं न्हाई का, येवढं इचारा म्हनावं मालकास्नी."

शेडमधल्या सगळ्या कात्र्या थांबल्या. सिद्धीनं दारातल्या दादाभाऊंकडे पाहिलं, आणि साधनाचं एवढं मोठं गाऱ्हाणं इंग्रजीत चार शब्दांत मावलं. पाहुणीनं हसून मान डोलावली. साधनाला चीड आली. ती उठली, क्रेट बाजूला ओढले आणि कॅन पाहुणीच्या पुढ्यात आणून ठेवला.

पाहुणीचं हसू मावळलं. तिनं सिद्धीला पुन्हा विचारलं, आणि या वेळी सिद्धी खाली मान घालून बराच वेळ बोलली. पाहुणीनं कॅनचा फोटो काढला.

"तुमचं म्हणणं त्या वर पोचवणार आहेत," सिद्धी म्हणाली.

"वर म्हंजी कुठं?"

"जिनिव्हाला. तिथं सगळ्या देशांची बैठक असते."

"आन् दादाभाऊला कोन सांगनार?"

सिद्धीनं विचारलं. पाहुणीनं साधनाच्या खांद्यावर हात ठेवला. त्या हाताला माया होती, नाही असं नाही.

"तेवढं त्यांच्या हातात नाही, म्हणतात. त्या फक्त सरकारला कळवू शकतात."

म्हणजे बोलाचाच भात आणि बोलाचीच कढी. साधना पुन्हा घडाला लागली.

दादाभाऊंनी पाहुणीला ऑफिसात बसवून चहा दिला, शाल पांघरवली, हात जोडून गाडीपर्यंत पोचवलं. गाडी वळणाआड गेली तसे ते साधनाकडे वळले.

"लई बोलली. उद्यापास्नं यिऊ नगं."

हे होणार, हे साधनाला ठाऊकच होतं.

"आन् जाताना टेबलावरचा त्यो कप घिऊन जा. ती काळी पेली त्यात. आमच्यात नगं त्यो."

साधना त्यांच्याकडे बघतच राहिली. एवढ्या मोठ्या संस्थेची बाई, विमानानं आलेली, शाल पांघरून गेलेली. तिचीही गत हीच.

तिनं ऑफिसातून कप उचलला. मागच्या मोरीवर नेऊन राखेनं घासला, विसळला, पदरानं कोरडा केला. फळीवर त्याच नक्षीचे पाच कप उपडे होते. त्यांच्यात तिनं तो ठेवला आणि सगळेच कप इकडचे तिकडे केले. आता कुठला कुणाचा, हे तिलाही सांगता आलं नसतं.

"सिद्धी, चहा सांग गं," आतून दादाभाऊंचा आवाज आला.

कुठला कप उचलला जातो ते बघायला साधना थांबली नाही. पिशवी काखोटीला मारून ती ओतूरच्या रस्त्याला लागली.