वळवीबाईंचं आमेन

लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या, पहिल्या रविवारी मी चर्चमध्ये उभी राहून साक्ष दिली. टीव्ही भाच्याला देऊन टाकला, सोफा विकला, चहा सोडला. आता चाळीस दिवस एक खाट, एक बायबल आणि प्रार्थना. मंडळी भारावली. मोबाईल तेवढा ठेवला, कारण मंडळीच्या ग्रुपवर प्रार्थनेच्या विनंत्या येतात. आज हे सांगताना स्वतःचीच चीड येते, पण तेव्हा ते कारण मला अगदी पवित्र वाटलं होतं.

खरी प्रार्थना मला शिकवली छबूबाईने. मी निवृत्त मास्तरीण, ती नंदुरबारला मिरची वाळवतात त्या पथारीवर देठ खुडणारी मजूर. वीस वर्षं दर शुक्रवारी ती कामावरून तशीच माझ्याकडे यायची आणि आम्ही दोघी गुडघे टेकायचो. प्रार्थनेत तिला हमखास रडू फुटायचं, पण तिखटाच्या हातांनी डोळे पुसता येत नसत. मग मी माझ्या पदराने पुसायचे. या लेंटमध्ये मात्र दोन शुक्रवार मीच तिला दारातून परत पाठवलं होतं. म्हटलं, मला एकांत हवाय.

त्या मंगळवारी दुपारी मी माझ्या रिकाम्या खोलीचा फोटो काढत होते, ग्रुपवर टाकायला. खाट मध्ये येत होती, म्हणून ती दोनदा सरकवली. फोटो टाकला आणि कोण काय म्हणतंय ते बघत बसले. तेवढ्यात छबूबाईच्या नवऱ्याचा, दलसिंगचा, लांबलचक मेसेज आला. छबूला दवाखान्यात आणलंय, पाच वाजता ऑपरेशन, सगळ्यांनी प्रार्थना करा... आणि खाली ‘पुढे वाचा’. आमच्या ग्रुपची रीतच आहे, विनंती आली रे आली की पटापट आमेन. मीही लिहिलं, ‘आमेन. गुडघ्यावर आहे.’ जोडलेले हात टाकले आणि परत माझ्या फोटोकडे गेले. अठ्ठावीस जणांनी तो वाखाणला होता.

गुडघे मी टेकलेच नाहीत. विसरले. याहून सभ्य कारण असतं तर दिलं असतं.

छबूबाई ऑपरेशनच्या टेबलावरच गेली. दुसऱ्या दिवशी माती दिल्यावर आम्ही सगळे तिच्या अंगणात बसलो. दलसिंग माझ्याशेजारी येऊन बसला.

“बाई, तुम्ही दवाखानामा उनात नही, पन मन्हा मनमा काही नही,” तो म्हणाला. “मी मेसेजमा लिखं व्हतं, वळवीबाईसले धाडा, छबू त्यासलेच इचारी ऱ्हायनी. मंग तुम्हनं आमेन उनं. मी तिले वाची दखाडं. फोन लावू का म्हनं, ते ती म्हने, नको, बाई गुडघा टेकीसन बठेल शे, तिले उठाडू नका. मंग उगीमुगी ऑपरेशनले मजार गयी.”

मला बोलावणं होतं. ते मेसेजच्या त्या भागात होतं, जो मी उघडलाच नाही. दवाखाना माझ्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर. मी जाऊन फक्त तिचे डोळे पुसले असते तरी पुरलं असतं.

“बाई, तवय देवकडे काय मांगं तुम्ही?” त्याने विचारलं.

अंगणातली सगळी मंडळी माझ्याकडे बघू लागली. चर्चच्या पाळकांनी मान तिरकी करून कान दिला. खरं सांगायला एक वाक्य पुरेसं होतं, आणि ते माझ्या तोंडाशी आलंही होतं. पण याच लोकांसमोर मी दोन आठवड्यांपूर्वी साक्ष दिली होती.

“शांती,” मी म्हणाले. “तिला शांती मिळावी, एवढंच मागितलं.”

“आमेन,” सगळे म्हणाले. दलसिंगचा आवाज सगळ्यात मोठा होता, आणि त्याने डोळे मिटले होते.