टेंगळावरची उडी

मी भिंत बोलतेय. दचकू नका. भिंतीला कान असतात असं तुम्हीच एकमेकांना बजावता आणि मग माझ्याच आडोशाला उभे राहून नको नको ते बोलता. इतकी वर्षं मुकाट ऐकून घेतलंय, तर आज चार शब्द माझेही ऐका.

मी एका लॉन्ड्रीची मागची भिंत. पुढच्या भिंतीला काच, पाटी, दिवे, सगळे लाड. माझ्या वाट्याला गल्ली आणि सांडपाण्याचा पाइप. मला बांधणारा गवंडी हसतमुख, पण पक्का आळशी. माझ्या उजव्या टोकाला, खांद्याच्या उंचीवर, एक वीट जरा पुढे आली. त्याने तिच्यावरच गिलावा थापला. लॉन्ड्रीच्या मालकीणबाईंनी हात फिरवून पाहिला आणि विचारलं, "अहो, हे टेंगूळ कसलं?"

"उद्या येऊन तासतो," गवंडी म्हणाला आणि घमेलं उचलून गेला. गेला तो गेलाच.

टेंगूळ तसं छोटंसं. समोरून दिसतही नाही, हात लावला तरच कळतं. पण आपण अर्धवट राहिलो ही खंत मला होतीच. त्यात पुढची भिंत गुळगुळीत, त्यामुळे तिचा तोरा काही विचारू नका.

पुढे गल्लीत स्प्रेचे डबे घेऊन पोरं यायला लागली. बाईंनी एकदाच सांगून टाकलं, "शिव्या लिहायच्या नाहीत आणि खिडकीवर रंग उडवायचा नाही. बाकी काय गोंधळ घालायचा तो घाला." आतल्या वाफेमुळे मी कायम कोमट, माझ्यावर रंग झटकन वाळतो. ही बातमी कळल्यावर मला उसंत कुठली मिळायला!

त्या पहिल्या पोरांमधला एक काटकुळा मुलगा आज 'दादा' म्हणून ओळखला जातो. तो स्वतःचं नाव मोठ्या फुगीर अक्षरांत रंगवायचा आणि शेवटच्या अक्षरातून एक बारीक रेघ लांबवर ओढायचा. सरळ चाललेली ती रेघ मध्येच टुणकन उडी मारायची आणि पुन्हा सरळ चालू लागायची. लोक या उडीवर बेहद्द खूश झाले. दादा मोठमोठ्या भिंतींवर गेला, उडी त्याच्यासोबत गेली. कुणी विचारलं की तो सांगायचा, "ती मला स्वप्नात दिसली."

स्वप्नात कसली डोंबलाची! बारीक रेघ हवी तर डबा भिंतीला अगदी खेटून धरावा लागतो. टेंगळापाशी आलं की बोटांची सालटी निघतात. दोनदा खरचटल्यावर त्याचा हात तिथे आपोआप उचलला जाऊ लागला, आणि एकदा हाताला वळण लागलं की ते कुठल्याही भिंतीवर जातं. त्याला वाटलं, हे आपल्या डोक्यातून आलं. मी मनातल्या मनात हसले आणि गप्प बसले.

बऱ्याच वर्षांनी बाईंची भाची लॉन्ड्रीत इस्त्रीला आली. केस सदा विस्कटलेले, म्हणून सगळे तिला झिपरी म्हणत. तोवर दादाचं काम माझ्यावर रंगाच्या थरांखाली कधीच गाडलं गेलं होतं. झिपरी दुपारच्या सुट्टीत पोळी तोंडात धरून, स्प्रेचा डबा घेऊन माझ्यावर चित्रं काढायची. तिचीही बोटं खरचटली, तिचाही हात उचलला गेला. ती जिथे जाईल तिथे तिच्याही रेघा उड्या मारू लागल्या.

मग बस डेपोची लांबच लांब भिंत रंगवायला झिपरीची निवड झाली, आणि तिथेच माशी शिंकली. गल्लोगल्ली एकच ओरड. दादाची उडी चोरली! या मंडळींचा एक रिवाज आहे. चोरी करणाऱ्याच्या चित्रावर आडवी काट मारायची. अशी काट बसली की त्याच्याबरोबर कुणी रंगवत नाही, त्याला कुणी भिंत देत नाही. दादाचा एक दाढीवाला चेला भरदुपारी आला आणि झिपरीच्या चित्रावर, पर्यायाने माझ्या तोंडावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल काट मारून गेला. जाता जाता "आई गं!" म्हणून बोटं चोखत गेला.

झिपरीने ती काट पाहिली. रडली नाही, पण तिचा चेहरा मला बघवेना.

"आत्या, हे डबे भंगारात देऊन टाक."

"अगं, तू चोरलीस का?"

"तेच तर कळत नाही गं. त्यांचं काम मी लहानपणापासून बघतेय. नकळत उचललं असेल तर?"

माझा जीव तुटला. न केलेली चोरी पोरगी स्वतःच्या अंगावर ओढून घेत होती, आणि मला तेव्हा तोंड नव्हतं.

दुसऱ्या दिवशी खुद्द दादा आला, मागे दाढीवाला. दादा शांतपणे म्हणाला, "मला फक्त खरं सांग. उडी कुठून घेतलीस?"

"ठाऊक नाही," झिपरी म्हणाली. "डेपोचं काम मी सोडलंय."

बाई इस्त्रीचे कपडे तसेच टाकून बाहेर आल्या. कंबरेवर हात ठेवून त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "काय हो दाढीवाले, ही काट तुम्हीच मारलीत ना? मग ही का उडी मारतेय? तुम्हीपण चोर का?"

सगळ्यांनी पाहिलं. लाल काट माझ्या अंगावरून सरळ आली होती आणि उजव्या टोकाला झकास उडी मारून पुढे गेली होती.

दादा पुढे झाला. त्याने माझ्यावर तळवा फिरवला, टेंगळापाशी थांबला. मग त्याने आपल्या बोटाच्या सांध्यावरचा जुना पांढुरका वण पाहिला, आणि झिपरीच्या त्याच बोटावरची चिकटपट्टी.

दाढीवाला कुजबुजला, "दादा, चला. कुणाला काही सांगायची गरज नाही."

दादा टेंगळावरून अंगठा फिरवत राहिला. वाईट वाटत होतं बिचाऱ्याला. आयुष्यभर जपलेलं स्वप्न एका विटेचं निघालं होतं. मला धाकधूक, की हा आता मान फिरवून निघून जातो की काय. पण तो खो खो हसत सुटला. "उडी माझी नाही रे. हिचीही नाही. या टेंगळाची आहे! जा, सगळ्यांना सांग. माझं नाव घेऊन सांग."

मग तो झिपरीकडे वळला. "डेपोच्या भिंतीला टेंगूळ नाही हं. तिथे काय करशील?"

झिपरीने डब्यांची पिशवी खांद्याला लावली. "आधी हात फिरवून बघते, तिथे काय आहे ते."

ती गेली. डेपोची भिंत पूर्ण झाली, आणि तिच्यावर उडी नाही म्हणे. काहीतरी वेगळंच आलंय. मला पाहता येत नाही, पण बघून आलेले लोक माझ्याच आडोशाला उभे राहून वर्णन करतात आणि मी कान टवकारून ऐकते.

लाल काट अजून माझ्या अंगावर आहे. बाई ती पुसू देत नाहीत. नव्या पोरांना माझी एकच विनंती आहे. खुशाल रंगवा, खोडा, पुन्हा रंगवा, फक्त हे टेंगूळ तासू नका. गवंडी 'उद्या येतो' म्हणून गेलाय, आणि त्याचा तो उद्या कधीच उजाडू नये असं आता मला मनापासून वाटतं.