चार नंबरची गंजी

एकोणीसशे अठ्ठावनच्या दिवाळीनंतर नारायणच्या हुतूतूच्या संघानं सात पांढऱ्या गंज्या घेतल्या आणि अकोल्याच्या एका रंगाऱ्याकडून त्यांच्या छातीवर लाल आकडे छापून आणले. रंगाऱ्यानं बजावलं होतं: गार पाणी, रिठ्याचा फेस, उलटी करून धुवायची, आपटायची नाही, सावलीत वाळवायची. परटानं पहिल्याच धुण्यात एकीची बाही उसवली. तेव्हापासून दर रविवारी मातीनं काळ्या झालेल्या गंज्यांचं बोचकं अमरावतीला नारायणच्या वडिलांच्या, वामनराव मास्तरांच्या घरी, त्याच्या बहिणीपुढे, सिंधूपुढे येऊन पडू लागलं.

पहिले दोन रविवार तिनं सातही गंज्या रिठ्यात धुतल्या. मग आई, रमाबाई, कुरकुरल्या. अर्धा दिवस जातो, सरळ सोड्यात उकळ, म्हणाल्या. सिंधूनं सहा उकळल्या, दगडावर आपटल्या. एक मागे ठेवली. चार नंबरची.

चार नंबर सूर्यभानचा. बडनेऱ्याच्या रस्त्याला त्याच्या घरचा फुलांचा मळा होता. नारायणला हाक मारायला तो फाटकाशी येई आणि फाटकाशीच उभा राही. त्याचं-तिचं कधी एका शब्दाचंही बोलणं झालं नव्हतं. एकदा त्यानं नारायणला विचारलं, गंज्या कोण धुते? नारायणनं सांगितलं. त्या दिवसापासून चढाईला जाण्याआधी सूर्यभान छातीवरच्या आकड्यावर क्षणभर तळहात ठेवू लागला. नारायण घरी जेवताना त्याची नक्कल करी. आमचा भिडू आधी आकड्याच्या पाया पडतो, मग मैदानाच्या, असं म्हणून सगळ्यांना हसवी. सिंधू तेवढी वाढायला म्हणून आत जाई.

बोलायचं ते असं बोलून होत होतं. ती आकडा जपायची, तो आकड्यावर हात ठेवायचा.

संक्रांत आली तोवर सहा गंज्यांचे आकडे विटून फिके गुलाबी झाले. चार मात्र कुंकवासारखा लाल. नेहमी हाताखालचं असल्यामुळे सिंधूच्या ते ध्यानातच आलं नाही. ध्यानात आलं शेजारच्या पार्बताबाईंच्या. पाण्याला आल्या, दोरीकडे पाहिलं, पोहरा सोडता सोडता गुणगुणल्या,

धुनं धुते सिंधूबाई, विहिरीच्या काठी
सहाले गं सोडा, रिठा एकाले कोनासाठी

आणि हसत घागर घेऊन गेल्या.

रमाबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. त्यांनीही दोरी पाहिली. मास्तरांच्या घरात शिवाशिव नव्हती. सूर्यभान मागे एकदा सगळ्या संघाबरोबर त्यांच्या पंगतीत नारायणच्या मांडीला मांडी लावून जेवला होता. लग्नाची गोष्ट निराळी. त्यात तिवशाच्या एका घरी सिंधूचं बोलणं चाललेलं, आणि पार्बताबाईंचं माहेर तिवशाचंच.

रमाबाई रागावल्या नाहीत. चुलीवर पाणी ठेवलं, सोडा टाकला, दोरीवरून गंजी काढून सिंधूच्या हातात दिली.

"तूच टाक. मी टाकली तर जन्मभर मला बोल लावशील."

छाप जाईल, सिंधू म्हणाली.

"बाकीच्यांचा गेलाच की."

"आई, मी काहीच केलं नाही गं."

"म्हणूनच आत्ता टाक म्हणते."

सिंधूनं टाकली. पाणी हळूहळू गुलाबी होत गेलं. मग तिनं ती दगडावर आपटली, पुन्हा उकळली, पुन्हा आपटली. चारचा आकडा डोळे बारीक करून शोधावा लागेल एवढाच उरला.

पुढच्या रविवारी अकोल्याला सामना होता. संघ हरला. नारायण परत आला तो चिडूनच. सांगत होता, सूर्यभानचा हात नेहमीसारखा छातीवर गेला, त्यानं खाली पाहिलं आणि जागच्या जागी उभा राहिला. पंचानं दोनदा शिट्टी मारली. मग गेला आणि पहिल्याच चढाईत पकडला गेला. झोपेत होता की काय, कोण जाणे.

सिंधू भाकरी थापत होती. तिनं मागे वळून पाहिलं नाही.

सोमवारी सकाळी सूर्यभान आला. या वेळी फाटकाशी थांबला नाही. सरळ विहिरीपर्यंत आला, घडी केलेली गंजी हातात. सिंधू पाणी काढत होती. रात्रभर तिनं मनात वाक्यं जुळवली होती. मी आपल्या मनानं नाही केलं, असं पहिलं होतं. पण दारात आई उभी होती.

"काकू," तो रमाबाईंना म्हणाला, "माही गंजी आता मी मळ्यावरच धुईन."

का रे बाबा, काही चुकलं का, रमाबाईंनी विचारलं.

"तुमचं काई नाई चुकलं. माहीच समजूत चुकली."

मग त्यानं सिंधूकडे पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, सरळ.

"लई तरास देला तुमाले, ताई."

ताई म्हणाला तो. आजवर त्यानं तिला काहीच म्हटलं नव्हतं, आणि त्या काहीच न म्हणण्यात सारं मावत होतं.

त्रास नव्हता, एवढं तरी तिला सांगायचं होतं. पण आता ते भावाला सांगितल्यासारखंच झालं असतं. तिनं पोहरा पुन्हा विहिरीत सोडला. तो मान खाली घालून निघून गेला.

रमाबाई पायऱ्या उतरून आल्या. लेकीच्या हातातला दोर त्यांनी सोडवून घेतला आणि उरलेलं पाणी स्वतः काढलं.